प्रवासी ट्रेलरला जास्त भाराचे टायर बसवताना

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या अनेक प्रवासी ट्रेलरचे, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरांचे, टायर कागदोपत्री पुरेसे असतात, आणि अडचण नेमकी त्या ‘पुरेसे’ या शब्दात आहे. प्रत्येकी ३,५०० पौंड भार पेलणारे दोन एक्सल (दोन्ही बाजूंची चाके ज्यावर बसतात ते आस) असलेल्या ट्रेलरला एसटी २०५/७५ आर १४ या मापाचे, भारश्रेणी सी असलेले टायर लावण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. असा एक टायर ५० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाला १,७६० पौंड, म्हणजे सुमारे ८०० किलो पेलतो. एका एक्सलचे दोन टायर मिळून ३,५२० पौंड झाले आणि एक्सलची मर्यादा ३,५०० पौंड, म्हणजे हाताशी शिल्लक राहिले अवघे २० पौंड. भरलेले पाण्याचे भांडे आणि दोन खुर्च्या ठेवल्या की तेही संपतात. अमेरिकेतील आरव्ही (राहण्याची सोय असलेली वाहने आणि ट्रेलर) उत्पादकांच्या आरव्हीआयए या संघटनेने २०१७ पासून आपल्या सदस्यांना एक्सलच्या मर्यादेपेक्षा किमान १० टक्के जास्त क्षमतेचे टायर देणे बंधनकारक केले, परंतु त्याआधी बनलेले असंख्य ट्रेलर आजही रस्त्यावर आहेत.

माझ्या ट्रेलरचा टायर फुटला तेव्हा त्याची नक्षी जवळजवळ नव्यासारखी होती. आरशात एक काळी पट्टी फडफडताना दिसली, आणि गाडी कडेला घेईपर्यंत त्या पट्टीने चाकावरचा पत्रा उचकटून, मोरीचा पाइप तोडून ब्रेकची वायर ओढून काढली होती. टायरपेक्षा दुरुस्तीच कितीतरी महाग पडली. तेव्हापासून ट्रेलरच्या टायरची उरलेली नक्षी पाहून मी त्याच्याबद्दल कोणताही निष्कर्ष काढत नाही. हे टायर झिजून क्वचितच निकामी होतात. ते उष्णतेने, जास्त भाराने, कमी हवेने आणि वयाने आतून सुटतात.

श्रेणी म्हणजे नेमके काय

टायरवरील एसटी ही अक्षरे ‘स्पेशल ट्रेलर’ या प्रकाराची आहेत. त्यापुढे रुंदी मिलिमीटरमध्ये, उंचीचे रुंदीशी प्रमाण टक्क्यांमध्ये, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि शेवटी रिमचा व्यास इंचांमध्ये असतो. भारश्रेणी सी, डी, ई अशा अक्षरांनी दाखवली जाते. पूर्वी हीच गोष्ट ६, ८ किंवा १० ‘प्लाय’ अशी सांगत असत, आणि टायरच्या दुकानात अजूनही तीच भाषा चालते. आजच्या रेडियल टायरमध्ये प्रत्यक्ष तितके थर नसतात, त्यामुळे तो आकडा केवळ ताकदीची तुलना म्हणून घ्यावा.

सर्वाधिक गैरसमज पुढच्या मुद्द्याबाबत होतो. एसटी २२५/७५ आर १५ हे माप घेतले, तर सी श्रेणीचा टायर ५० पीएसआयला २,१५० पौंड, डी श्रेणीचा ६५ पीएसआयला २,५४० पौंड आणि ई श्रेणीचा ८० पीएसआयला २,८३० पौंड पेलतो. मात्र त्याच ई श्रेणीच्या टायरमध्ये ५० पीएसआय हवा भरली, तर तोही २,१५० पौंडच पेलतो. भार खरे तर हवा उचलते. जाड बांधणी फक्त ती जास्तीची हवा सांभाळते. म्हणून महागडे ई श्रेणीचे टायर बसवून ट्रेलरवरील लेबलवरचा जुना ५० पीएसआय दाब तसाच ठेवणाऱ्या माणसाला मजबूत कवच मिळते, पण भारक्षमता एका पौंडाने वाढत नाही.

दुसरा गैरसमज याहून घातक आहे. टायर बदलल्याने ट्रेलरची एकूण अनुमत वजनमर्यादा वाढत नाही आणि एक्सलचीही वाढत नाही. पाटे, एक्सलची नळी, बेअरिंग, ब्रेक आणि चौकट या सर्वांची क्षमता होती तेवढीच राहते. आपण राखीव क्षमता विकत घेत आहोत, जास्त सामान भरण्याची परवानगी नव्हे.

आधी वजन

टायरच्या दुकानात जाण्यापूर्वी ट्रेलर वजनकाट्यावर न्यावा. नेहमीच्या सहलीला जसा भरतो तसाच तो भरलेला असावा: कपडे, भांडी, गॅसच्या टाक्या, बॅटरी, आणि आपण पाणी भरून प्रवास करत असाल तर पाणीसुद्धा. एक लिटर पाणी एक किलोचे. म्हणजे दीडशे लिटरची टाकी भरली की दीडशे किलो एकट्या पाण्याचेच झाले.

ट्रकसाठी असलेल्या मोठ्या काट्यांवर वेगवेगळ्या फळ्या असतात. गाडी आणि ट्रेलर जोडलेले ठेवून ट्रेलरचे एक्सल स्वतंत्र फळीवर येतील असे उभे करावे. त्या फळीवरचा आकडा म्हणजे टायरांवर प्रत्यक्ष पडणारा भार. जोडणीच्या दांड्यावरचा भार, जो साधारणपणे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, तो ओढणाऱ्या गाडीवर पडतो आणि ट्रेलरच्या टायरांच्या हिशेबात धरला जात नाही. भारवाटप करणारी हिच (गाडी आणि ट्रेलर जोडणारी यंत्रणा) वापरत असाल, तर तिच्या पट्ट्या प्रवासात असतात तशाच ताणलेल्या ठेवून वजन करावे, कारण ती हिच पुढचा काही भार पुन्हा ट्रेलरच्या एक्सलांवर ढकलते.

एवढ्यावर थांबू नये, कारण सरासरी फसवते. समजा, दोन्ही एक्सल मिळून ५,९५० पौंड भरले. चार टायरांत भागले की प्रत्येकी सुमारे १,४९० पौंड येतात, आणि १,७६० पौंडांच्या टायरसमोर हा आकडा सुखाचा वाटतो. पण ट्रेलरच्या एकाच बाजूला फ्रीज, शेगडी आणि बाहेर सरकणारी खोली असेल, तर त्या बाजूचे एखादे चाक १,७२० पौंड उचलत असल्याचे आढळू शकते. मग शिल्लक राहिले ४० पौंड, म्हणजे सव्वादोन टक्के. त्यामुळे काट्याच्या व्यवस्थापकाची परवानगी असल्यास एका बाजूचीच चाके फळीवर घेऊन दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजाव्यात, आणि शक्य असल्यास चाकाखाली ठेवण्याचे सुटे काटे मिळवून एकेक चाक मोजावे. ट्रेलर त्या वेळी पातळीत असला पाहिजे. त्याचे नाक वर किंवा खाली असेल, तर पुढच्या आणि मागच्या एक्सलांतील वाटणी बदलते.

सर्वांत जास्त भार असलेल्या चाकाचा आकडा हाच आपला पाया. तो भार नव्या टायरच्या क्षमतेच्या सुमारे ८५ टक्क्यांच्या आत राहावा, असे मी धरतो. वरच्या उदाहरणात १,७२० ला ०.८५ ने भागले की २,०२४ पौंड येतात. एसटी २०५/७५ आर १४ याच मापाचा डी श्रेणीचा टायर ६५ पीएसआयला २,०४० पौंड पेलतो. म्हणजे माप न बदलता, फक्त एक श्रेणी वर चढून काम भागते, आणि बऱ्याच ट्रेलरसाठी हाच शहाणपणाचा बदल असतो. उगीच सर्वांत वरची श्रेणी गाठण्याची हौस करू नये. हलक्या ट्रेलरखाली दगडासारखे कडक टायर आले की प्रत्येक खड्ड्याचा धक्का कपाटांच्या बिजागऱ्यांपर्यंत पोहोचतो, आणि मुक्कामी पोहोचल्यावर फरशीवर पडलेले स्क्रू वेचावे लागतात.

चाक आणि व्हॉल्व्ह

टायर ६५ किंवा ८० पीएसआयचा असला, तरी चाक तितके सोसणारे आहे का, हे पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. चाकाच्या मागच्या बाजूला, काही वेळा नटांच्या भोवती, त्याची भारमर्यादा कोरलेली असते. ती पाहण्यासाठी चाक उतरवावे लागते. धूळ आणि ग्रीस पुसून बॅटरीच्या उजेडात वाचावे. काही चाकांवर भार लिहिलेला असतो पण दाब नसतो, अशा वेळी चाक बनवणाऱ्याला विचारावे. टायर २,०४० पौंडांचा आणि चाक १,९०० पौंडांचे असेल, तर आपली मर्यादा १,९०० पौंडच. साखळी सर्वांत कमजोर कडीइतकीच ताकदीची असते, आणि इथे टायर, चाक, व्हॉल्व्ह, एक्सल या चारही कड्या तपासाव्या लागतात.

त्यातली सर्वांत स्वस्त कडी म्हणजे व्हॉल्व्ह, आणि दुर्लक्षही तिच्याकडेच सर्वाधिक होते. चाकाच्या छिद्रात ओढून बसवण्याचे नेहमीचे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी असतात. त्यापुढे जायचे असेल, तर उच्च दाबाचे व्हॉल्व्ह किंवा नटाने आवळले जाणारे धातूचे व्हॉल्व्ह हवेत. मी ६५ पीएसआयलाही धातूचेच बसवून घेतो, विशेषतः दाब दाखवणारे संवेदक व्हॉल्व्हवर लावायचे असतील तर. त्यांच्या वजनाने रबरी देठ फिरताना वाकत राहतो. दुकानदाराला हे टायर चढवण्यापूर्वीच सांगावे, नंतर सांगितल्यास पुन्हा टायर उतरवण्याची मजुरी द्यावी लागते.

माप वाढवायचे असेल तर

काही वेळा त्याच मापात हवी ती श्रेणी मिळत नाही, किंवा १४ इंचांवरून १५ इंचांच्या चाकांवर जाण्याचा मोह होतो, कारण १५ इंचांत निवड अधिक आहे. मोह वाईट नाही, पण आधी टेप घेऊन ट्रेलरखाली बसावे. एसटी २०५/७५ आर १४ चा व्यास सुमारे २६.१ इंच, एसटी २०५/७५ आर १५ चा २७.१ इंच आणि एसटी २२५/७५ आर १५ चा २८.३ इंच असतो. शेवटचा निवडल्यास चाकाची त्रिज्या १.१ इंचांनी वाढते. तेवढाच टायर वरच्या पत्र्याच्या जवळ जातो, आणि दुहेरी एक्सल असल्यास पुढच्या व मागच्या टायरांमधील फट २.२ इंचांनी कमी होते.

ट्रेलर उभा असताना दिसणारी जागा ही खरी जागा नव्हे. खड्ड्यात पाटे दबतात, तेव्हा चाक पत्र्याकडे वर येते. पाटे असलेल्या ट्रेलरमध्ये, भरलेल्या अवस्थेत, नव्या टायरच्या माथ्यावर तीन इंच तरी मोकळी जागा उरली पाहिजे. पत्र्याच्या आतल्या बाजूला टायर घासल्याच्या चकचकीत खुणा आधीच दिसत असतील, तर मोठ्या मापाचा विचार तिथेच सोडावा. रुंदीमुळे टायर आतल्या बाजूला पाट्यांना किंवा चौकटीला टेकत नाही ना, हेही पाहावे.

नवे चाक घेताना व्यासाखेरीज बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या छिद्राचे माप, ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागाचे अंतर) आणि नटाच्या बैठकीचा आकार जुळला पाहिजे. ट्रेलरची चाके बहुधा शून्य ऑफसेटची असतात. मोटारीचे दिसायला तसेच चाक बसले तरी भार बेअरिंगवर चुकीच्या जागी पडतो. ट्रेलर उंचावला की हिचच्या बॉलची उंचीही जुळवून घ्यावी, नाहीतर ट्रेलर नाक वर करून चालतो, मागच्या एक्सलवर जास्त भार येतो आणि ज्या टायरांसाठी एवढा खटाटोप केला त्यांतले दोन पुन्हा जास्त भार वाहू लागतात.

हलक्या ट्रकांचे एलटी टायर बसवावेत का, हा प्रश्न हमखास येतो. त्यांची बांधणी उत्तम असते, पण सारख्याच बाह्य आकारात ते एसटीपेक्षा कमी भार दाखवतात. एसटी २३५/८० आर १६ ई श्रेणीचा टायर ८० पीएसआयला ३,५२० पौंडांचा असतो, तर त्याच्या जवळपासच्या आकाराचा एलटी २३५/८५ आर १६ ई श्रेणीचा टायर त्याच दाबाला ३,०४२ पौंडांचा असतो. १६ इंचांची चाके असलेल्या जड ट्रेलरना, गणित बसत असेल तर, एलटी हा चांगला पर्याय आहे. १४ आणि १५ इंचांत तो बहुतेकदा बसत नाही. मोटारीचे साधे टायर तर विचारातच घेऊ नयेत. अमेरिकेच्या नियमांनुसार मोटारीचा टायर ट्रेलरवर वापरताना त्याची लिहिलेली क्षमता १.१० ने भागून धरावी लागते, आणि ट्रेलरच्या बाजूच्या ओढीसाठी त्याची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, मऊच पडते.

वेगाचाही विचार याच वेळी करावा. वेगाचे अक्षर नसलेल्या एसटी टायरची मर्यादा परंपरेने ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर धरली जाते. अलीकडच्या अनेक टायरांवर एल, एम किंवा एन हे अक्षर असते, म्हणजे अनुक्रमे ७५, ८१ आणि ८७ मैल. एवढ्या वेगाने ट्रेलर ओढावा असा याचा अर्थ नाही. तो टायर उष्णता अधिक चांगली सोसतो, एवढाच अर्थ घ्यावा.

दुकानात आणि बसवताना

दुकानदाराने टायर आणून ठेवले की चढवण्यापूर्वी त्यांची तारीख वाचावी. डीओटी (अमेरिकेचे वाहतूक खाते) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालातील पस्तिसावा आठवडा. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे ती चढवताना बाहेर ठेवण्यास सांगावे, म्हणजे पुढे ट्रेलरखाली झोपून वाचावी लागणार नाही. दोन वर्षे गोदामात पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नये. पाच-सहा वर्षांच्या आयुष्यातली दोन वर्षे आपण कोणा दुसऱ्याच्या फडताळावर घालवलेली असतात. चारही टायर एकाच मापाचे आणि श्रेणीचे घ्यावेत, रेडियल आणि बायस (तिरप्या थरांच्या) बांधणीची सरमिसळ करू नये, आणि स्टेपनी विसरू नये. जुनी सी श्रेणीची स्टेपनी आणीबाणीत ६५ पीएसआयच्या टायरांच्या शेजारी लावली, तर सर्वांत कमजोर टायर सर्वांत वाईट वेळी रस्त्यावर येतो. चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे, आणि टायरची नोंदणी निर्मात्याकडे करावी, म्हणजे सदोष माल परत मागवला गेला तर आपल्याला कळते.

चाके स्वतः काढून दुकानात नेणार असाल, तर ट्रेलर गाडीला जोडलेला ठेवून, सपाट कठीण जमिनीवर, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून अडण लावावी. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत. जॅक एक्सलच्या नळीखाली कधीही लावू नये, ती वाकू शकते. निर्मात्याने सांगितलेल्या जागी, बहुधा एक्सलजवळच्या चौकटीखाली लावावा आणि काम सुरू करण्यापूर्वी खाली आधाराची घोडी ठेवावी. चाक उतरलेलेच आहे तर हाताने हब फिरवून बेअरिंग घरघरते का ते पाहावे. जुन्या टायरची एकच कड झिजली असेल, तर एक्सल वाकला आहे किंवा त्यावर जास्त भार आहे, आणि ते दुरुस्त केल्याशिवाय नव्या टायरांचीही तीच गत होईल.

नट हाताने सुरू करून, समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळावेत. अर्ध्या इंचाच्या स्टडसाठी (नट ज्यावर चढतो त्या बोल्टसाठी) शेवटचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, साधारणपणे ९० ते १२० फूट-पौंड असतो. नेमका आकडा एक्सलच्या पुस्तिकेतून घ्यावा. पहिला टप्पा २५ च्या आसपास, दुसरा ५० ते ६०, मग शेवटचा. शेवटचा टप्पा टॉर्क पान्यानेच करावा, हवेच्या बंदुकीने नव्हे. नवे चाक पहिल्या काही मैलांत बैठक घेते, म्हणून १०, २५ आणि ५० मैलांनंतर पुन्हा टॉर्क तपासावा. हा कंटाळा जो करतो त्याचे चाक कधीतरी त्याच्या पुढे धावते.

हवा

दाब थंड टायरला मोजावा, म्हणजे ट्रेलर किमान तीन तास उभा असताना आणि टायरवर ऊन नसताना. दुहेरी एक्सलच्या ट्रेलरसाठी मी साइडवॉलवर लिहिलेला कमाल दाबच भरतो, अर्थात चाकाची परवानगी असेल तर. यामागे कारण आहे. असा ट्रेलर तीव्र वळण घेतो, तेव्हा चारही चाके एकाच केंद्राभोवती फिरू शकत नाहीत आणि टायर बाजूला फरफटले जातात. एकदा कोणाला तरी ट्रेलर हळू मागे वळवायला सांगून बाजूला उभे राहून पाहावे: रिम एका दिशेला आणि जमिनीला टेकलेला तळवा दुसऱ्या दिशेला, मधली साइडवॉल पिळलेल्या कपड्यासारखी दिसते. या पिळवटण्याने आतील पट्ट्यांमधील जोड सुटू लागतो, आणि पूर्ण दाब हा त्यावरचा आपल्या हातातला मुख्य उपाय आहे. एकेरी एक्सलवर ही ओढाताण इतकी नसते, तिथे टायर निर्मात्याच्या भार आणि दाबाच्या तक्त्यानुसार थोडा कमी दाब चालतो.

६५ पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की दाब सुमारे पावणेतीन पीएसआयने कमी होतो. थंडीच्या सकाळी तो पुन्हा भरावा. मात्र दुपारी तापल्यावर वाढलेली हवा काढू नये, ती वाढ टायर बनवतानाच गृहीत धरलेली असते. खिशातले छोटे पंप ८० पीएसआयला धापा टाकतात, तेव्हा तितका दाब देणारा पंप आणि १०० पीएसआयपर्यंत वाचणारा गेज सोबत ठेवावा. ट्रेलरवरील लेबलच्या शेजारी नव्या टायरचे माप, श्रेणी आणि दाब लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, नाहीतर पुढचा मेकॅनिक लेबल वाचून प्रामाणिकपणे ५० पीएसआय भरून देईल. दाबाचे संवेदक लावल्यास कमी दाबाची सूचना थंड दाबाच्या १० ते १५ टक्के खाली ठेवावी.

पहिले ५० मैल बेताच्या वेगाने जावे. पहिल्या थांब्यावर नट तपासताना प्रत्येक टायरच्या नक्षीवरून, आतल्या बाजूपर्यंत, तळहात सावकाश फिरवावा. नव्या टायरचा पृष्ठभाग सारखा लागतो आणि चारही टायर साधारण सारखेच गरम असतात. एखादा जास्त तापला असेल, तर हवा, बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक तपासावा. काही वर्षांनी असाच हात फिरवताना नक्षीखाली बोटभर उंचवटा किंवा फुगा लागला, तर वरची नक्षी कितीही खोल असो, तिथेच स्टेपनी चढवावी.